बांधावरचा पिवळा खुळखुळा: ताग कुठला, रानातला कुठला?

करवीरची_सूनबाई

मंडळी, नमस्कार. एक झाड ओळखून हवंय. एक कसलं, बहुतेक तीन-चार आहेत, आणि तिथंच घोळ आहे.

आमची करवीर तालुक्यात नदीकाठाला काळी जमीन आहे, वरच्या अंगाला थोडा मुरमाड माळ. आडसाली उसाआधी हिरवळीचं खत म्हणून यंदा वळवाच्या पावसावर ताग टाकला होता. बी एका दुकानातून सुटं आणलं. पोत्यावर ना लेबल, ना लॉट नंबर. ताग फुलावर आला तसा नांगरून गाडला, उसाची लावण झाली, तो विषय संपला. आता ऑक्टोबरात बघते तर बांधाला आणि माळाच्या कडेनं पिवळ्या फुलांची झाडं जागोजागी उभी. काही शेंगांवर आलीत, वाळलेली शेंग हलवली की आत बी वाजतं. पोरं तोडून खेळायला नेतात.

सासरे म्हणतात, "खुळखुळा तो खुळखुळा, त्यात काय बघायचंय." पण मला सगळी झाडं एकसारखी वाटत नाहीत. एकाचं पान अरुंद आणि लांब, एकाचं टोकाला रुंद. एक तर माझ्या खांद्याला लागतंय आणि त्याचं खोड जांभळट आहे. मोबाईलच्या अ‍ॅपला फोटो दाखवला तर एकाच झाडाच्या तीन फोटोंना त्यानं तीन नावं दिली.

हौस म्हणून विचारत नाहीये. आमच्या दोन म्हशी त्याच बांधाला चरतात. यातलं काही विषारी असतं असं कुठंतरी वाचलं होतं. ओळखायचं कसं आणि उपटायचं कोणतं, एवढं सांगा. फोटो जोडलेत.

रानभटक्या

ताई, सगळे फोटो फुलाचेच आहेत की! फुलं झकास आलीत, नाद खुळा, पण पान एकाही फोटोत धड दिसत नाही. अंदाजानं सांगतो, क्रोटालेरिया रेटुसा. क्रोटालेरिया म्हणजे या सगळ्या खुळखुळ्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव. पन्हाळ्याकडं रस्त्याच्या कडेला ढीगभर असतो. माझं अ‍ॅपही तेच म्हणतंय, ८७ टक्के.

शीटवाले_काका

८७ टक्के म्हणजे अ‍ॅपला बाकीच्यांची नावं माहीत नाहीत, असं समजा राव.

ताई, मी बॉटनीचा प्राध्यापक नव्हे. कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात बॉटनीच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, आता निवृत्त आहे. पोरांनी गोळा करून आणलेली झाडं दाबून, वाळवून, शीटवर चिकटवून कपाटात लावायची, हे माझं काम. त्यामुळं खुळखुळा मी जितका हाताळलाय तितका साहेबांनीसुद्धा हाताळला नसेल. कारण सोपं आहे. दरवर्षी निम्मी पोरं सबमिशनला खुळखुळाच आणायची. कुठंही मिळतो, फूल मोठं, शेंग वाजते. आणि सगळ्यांच्या लेबलवर एकच नाव, रेटुसा.

आता पहिली गोष्ट. पिवळं फूल बघून या गटात काही ठरवू नका. एक करून बघा. ताजं फूल घ्या. वरची मोठी पाकळी आणि बाजूचे दोन पंख सोडा. खाली दोन पाकळ्या जुळून एक बाकदार चोच झालेली असते. फुलाचा देठ एका हातात धरून ती चोच अंगठ्यानं हळूच खाली दाबा. टोकाच्या बारीक भोकातून पिवळ्या परागाची शेवई बाहेर येते. सोडलं की चोच परत जागेवर. हे सगळं भुंग्यासाठी चाललंय. काळा जाडजूड भुंगा पंखांवर बसला की त्याच्या वजनानं चोच दबते आणि पराग त्याच्या पोटाला लागतो. आत दहा पुंकेसर असतात, पाचांचे परागकोश लांब, पाचांचे बुटके. भिंगातून छान दिसतंय. पण तागाचं फूल घ्या, रेटुसाचं घ्या नाहीतर आणखी कुठलं, यंत्र तेच. गिऱ्हाईक एकच असल्यावर दुकानाची मांडणी सगळ्यांची सारखीच व्हायची. शिवाय शीटवर वर्षभरात पिवळा रंग उडतो, सगळी फुलं मातकट होतात. मग कपाटातली शीट आम्ही ओळखायचो कशावरून? देठापासून.

फुलाचा छोटा देठ जिथं दांडीला चिकटतो, तिथं एक बारीक पान असतं. पुस्तकात त्याला सहपत्र म्हणतात. रेटुसात ते सुईच्या टोकाएवढं, असून नसल्यासारखं. याचाच एक भाऊ आहे, क्रोटालेरिया स्पेक्टाबिलिस. त्यात हे सहपत्र चांगलं नखाएवढं, बुडाला रुंद, टोकाला निमुळतं, हिरवंगार. फूल गळलं, शेंग आली, तरी ते जागेवरच असतं. कळ्यांच्या तुऱ्यात लांबूनही दिसतं. तसंच पानाच्या देठाच्या बुडाला बघा. तिथं एक छोटं पान असतं, त्याला उपपर्ण म्हणतात. स्पेक्टाबिलिसला ते रुंद, रेटुसाला केसासारखं. तुम्ही जांभळट खोडाचं उंच झाड म्हणता. माझा संशय त्याच्यावर आहे. पण संशयच. सहपत्राचा फोटो आल्याशिवाय मी नाव घालणार नाही.

पान टोकाकडं रुंद होत गेलेलं आणि टोकाला मधोमध खाच, असं असेल तर रेटुसा. वरून गुळगुळीत, खालून हात फिरवला तर बारीक लव लागते. मोठ्या पाकळीच्या पाठीमागं तांबूस-जांभळट रेघा असतात. शेंग नुसती गुळगुळीत, वाळली की काळी.

तुमचा ताग म्हणजे क्रोटालेरिया जुन्सिया. हा यांच्यात मिसळायचं काही कारणच नाही. पान अरुंद, दोन्ही टोकांना निमुळतं, खाच नाही. खोडावर उभ्या रेघा. आणि मुख्य म्हणजे लव. फुलाच्या बुडाशी जो हिरवा कप असतो त्याच्यावर तांबूस लव दाट असते आणि तो जवळजवळ फुलाएवढाच लांब. शेंग मखमलीसारखी. रात्री अंधारात चाचपून सांगता येईल, ही मखमली शेंग तागाची आणि ही गुळगुळीत रानातली. बी मिसळून आलं असेल तर पुढच्या वर्षी फुलावर यायची वाट बघायची गरज नाही. रोप वीतभर झालं की पानाचं टोक बघा. खाच दिसली की उपटा.

तीन पानांचा एक असतो, बेलासारखी पानं. तो क्रोटालेरिया पॅलिडा. लांबलचक तुरा, फुलं बारीक, त्यावर तांबूस रेघा, शेंगा खाली लोंबतात. त्यात गोंधळ होत नाही. आणि उकिरड्याजवळ निळसर-जांभळ्या फुलांचा, चौकोनी खोडाचा दिसला तर तो व्हेरुकोसा. तोही खुळखुळाच, पण तुमच्या प्रश्नात नाही.

रानभटक्या, पन्हाळ्याकडं रस्त्याला रेटुसा असतोच, नाही म्हणत नाही. पण त्या बाजूला डोंगरउतारावर लेशेनॉल्टी नावाचा झुडपासारखा एक वाढतो. आपल्या सह्याद्रीतला आहे, पानाखाली रेशमासारखी लव. डिंगळा म्हणतात त्याला, आणि काही लोक रेटुसालाही डिंगळाच म्हणतात. म्हणून तिथले फोटो टाकताना पान उलटं करून एक फोटो काढत जा. फूल सगळेच काढतात.

आता म्हशींचं. हे गमतीत घेऊ नका. रेटुसा आणि स्पेक्टाबिलिस दोन्हींत मोनोक्रोटालिन नावाचं द्रव्य असतं. ते यकृत खातं. औषधांवर संशोधन करणारे लोक हेच मोनोक्रोटालिन उंदरांना टोचून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा आजार मुद्दाम तयार करतात, एवढं ते खात्रीचं आहे. ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागात रेटुसा खाऊन घोडे भरकटल्यासारखे चालत सुटायचे आणि मरायचे. अमेरिकेत स्पेक्टाबिलिस १९२० च्या दशकात तुमच्यासारखाच हिरवळीचं खत म्हणून पेरला होता, नंतर जनावरं आणि कोंबड्या दगावायला लागल्यावर त्याच्या मागं लागले. यातली वाईट गोष्ट ही की लगेच काही दिसत नाही. आठवडे, कधी महिने जातात. तोवर काय खाल्लं होतं ते कोणाला आठवत नाही. सगळ्यात जास्त विष बियात. तागाच्या बियातही त्याच जातकुळीची द्रव्यं आहेत, म्हणून ताग झाला तरी बी जनावराच्या पुढ्यात नको.

हिरवं झाड म्हैस सहसा आवडीनं खात नाही. पण बांध कापून सगळा चारा एकत्र बांधला, कुट्टी केली, की तिला निवडता येत नाही. तिथं सांभाळा. आधीच खाल्लं असेल, म्हैस खंगत असेल, डोळे पिवळट वाटत असतील, तर इथं फोटो टाकत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा आणि झाडाची फांदी शेंगेसकट त्यांना दाखवा.

रानभटक्या

काका, हात जोडले. पान उलटं करून फोटो, लक्षात ठेवलं. एक विचारू का? मग रेटुसा सगळा उपटून टाकायचा का? ब्लू टायगर फुलपाखरं त्याच्यावरच बघितलीत मी, थव्यानं.

शीटवाले_काका

थव्यानं दिसतात ती नर असतात, आणि फुलावर नसतात, नीट बघा. वाळलेल्या, मोडलेल्या फांदीवर बसून सोंडेनं ओरबाडत असतात. म्हशीला जे विष, तेच त्यांना हवं असतं. त्यातून माद्यांना भुरळ घालायचा वास तयार करतात, आणि अंगात ते असलं की पक्षी वाटेला जात नाहीत. शेंग फोडून बघितलीत तर आत कधीकधी केसाळ, पट्ट्यापट्ट्यांची अळी सापडेल, बी फस्त करत बसलेली. तिचा पतंग पांढरा, त्यावर लाल आणि काळे ठिपके, भर दिवसा उडतो. तोही तसाच, विष साठवून बसलेला.

माळावरचा राहू दे की. गोठ्याच्या आणि चाऱ्याच्या वाटेतला काढा.

विस्कॉन्सिनची_सुप्रिया

माहेर कोल्हापूर, राजारामपुरी. सध्या मुक्काम अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण इथं आमच्याकडे हुबेहूब हाच तंटा ल्युपिनवरून चालू असतो.

ल्युपिन म्हणजे निळ्या-जांभळ्या फुलांचा उभा तुरा, पान हाताच्या पंजासारखं. इथला मूळचा रानातला म्हणजे ल्युपिनस पेरेनिस. वाळूच्या जमिनीत, ओकच्या विरळ रानात वाढतो, गुडघ्याच्या वर फारसा जात नाही. दुसरा पॉलिफायलस, तो खंडाच्या पश्चिमेकडचा. बागांसाठी आणला, मग रस्त्याकडेला पसरला. आमच्या राज्याच्या उत्तरेला, सुपीरियर तलावाच्या बाजूला, तो इतका माजलाय की पर्यटक त्याचेच फोटो काढून 'विस्कॉन्सिनचं रानफूल' म्हणून टाकतात. बियांच्या पाकिटावर 'रानटी ल्युपिन' एवढंच लिहिलेलं असतं आणि आत कोणता ते देव जाणे. सूनबाईंच्या सुट्या तागासारखंच.

फरक बघायचा तो पंजाच्या बोटांत. पेरेनिसला साधारण सात ते अकरा दलं, पॉलिफायलसला नऊपासून पार सतरापर्यंत. उंचीत तर तो कमरेच्या वर जातो. पण नऊ-दहा-अकरा दलांचं पान हातात आलं की दोन्हीकडे बसतं, आणि दोघांचा संकर होतो, मग आणखी पंचाईत. शिवाय पेरेनिसमध्येच एक ऑक्सिडेंटालिस नावाचा प्रकार सांगतात. त्यात केस अंगाला चिकटून न राहता बाहेर पसरलेले असतात. तेवढ्यासाठी खोड उजेडासमोर आडवं धरून बघावं लागतं.

इथं हे ओळखणं म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न आहे. कार्नर ब्लू नावाचं इवलंसं निळं फुलपाखरू आहे. त्याची अळी फक्त पेरेनिसची पानं खाते, दुसरं काही नाही. १९९२ मध्ये ते संकटग्रस्त म्हणून जाहीर झालं, आणि आज सगळ्यात जास्त आहे ते आमच्याच राज्यात. त्याच्यासाठी ल्युपिन पेरायचा आणि नेमका पॉलिफायलस पेरायचा, असं झालं तर फुलांचा डोंगर होईल आणि अळी उपाशी. मेन राज्यातून तर मूळचा पेरेनिस गेलाच, सगळीकडे दिसतो तो आणलेला.

काका, ती चोच दाबायची युक्ती ल्युपिनवर चालेल का? इथं आता थंडी पडलीय, फुलं जूनमध्येच.

शीटवाले_काका

चालणार! सुप्रियाताई, ल्युपिन आणि आपला खुळखुळा शेंगवाल्यांच्या मोठ्या घरात एकाच वाड्यातले आहेत, शेजारशेजारच्या खोल्या. ल्युपिनलाही तीच चोच, तेच दहा पुंकेसर एका नळीत जोडलेले, पाच लांब पाच बुटके, आणि दाबलं की तशीच परागाची शेवई. जूनला करून बघा आणि इथं लिहा. आमच्या कपाटात ल्युपिनचं एकच शीट होतं, कोणीतरी बागेतून आणलेलं, त्याला फूल नव्हतं. मला ते दाबून बघायचं राहिलंय.

केस पसरलेले की चिकटलेले, हे भिंगाशिवाय बघायचं तर खोडाची कड आभाळासमोर धरा. आम्हीही तेच करायचो. पण वाळवल्यावर उभे केसही दाबले जातात, म्हणून ते ताज्या झाडावरच बघून लेबलवर लिहून ठेवायचं. पोरं लिहायची नाहीत, आणि मग शीटवर वाद.

करवीरची_सूनबाई

काका, सकाळी भिंग नव्हतं म्हणून मुलाच्या कंपासपेटीतलं घेऊन गेले. सांगते काय दिसलं.

बांधाला जे जास्त आहे त्याच्या पानाला खाच आहे. शेंग गुळगुळीत, काही काळ्या पडलेल्या. सहपत्र शोधायला नख लावावं लागलं इतकं बारीक. म्हणजे रेटुसा, बरोबर ना?

दोन झाडं कडेला मखमली शेंगांची आहेत, ती तागच. नांगराच्या फाळातून सुटलेली असणार. सासऱ्यांच्या हातात दोन्ही शेंगा दिल्या आणि डोळे मिटून सांगा म्हटलं. त्यांनी बरोबर सांगितलं, वर म्हणाले, "हे मला आधीपासनं ठाऊक होतं." असो.

उंच झाडाचा फोटो आता जोडलाय, कळ्यांच्या तुऱ्याचा आणि पानाच्या बुडाचा. हिरवी पानं दिसतायत तुऱ्यात, नखाएवढी, बुडाला रुंद. ते एकच झाड आहे, विहिरीच्या कट्ट्याला लागून. आजूबाजूला त्याची रोपं आहेत का ते बघितलं, मला तरी दिसली नाहीत.

म्हशी ठीक आहेत, खातायत, दूध कमी नाही. तरी डॉक्टरांना फोन केलाय. बांध कापायला लावलेल्या माणसाला सांगितलं, पिवळ्या फुलाचं काही भाऱ्यात घ्यायचं नाही.

शीटवाले_काका

स्पेक्टाबिलिसच. आता नाव घालायला हरकत नाही. इतकी रुंद सहपत्रं रेटुसाला येत नाहीत.

बाकीचं कधी काढायचं ते काढा, पण हे शेंग तडकायच्या आत काढा. वाळलेली शेंग दुपारच्या उन्हात उकलून बी टाकते, आणि ते जमिनीत बरेच दिवस दम धरतं. उपटताना शेंगा वरच्यावर कापून आधी पिशवीत घाला, मग झाड मुळासकट. पाऊस होऊन गेला असेल तर सहज निघतंय. मुळाला गाठी दिसतील. त्यांनी जमिनीत नत्र धरलेलं असतं, ते वाया गेलं म्हणून हळहळू नका. शेंगा जाळा, उकिरड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी शेणखताबरोबर रानभर जाईल.

आणि पोरांना खेळायला शेंगा द्यायच्या असतील तर तागाच्याही देऊ नका, बी तोंडात घालतात. आमच्या लहानपणी आम्ही घालायचो, ते सोडा.

एक फांदी मात्र ठेवा. फूल, शेंग, पान, सहपत्र सगळं येईल अशी, वर्तमानपत्रात घालून वर वह्या-पुस्तकांचं ओझं ठेवा. पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर काळी पडते. शेंगेतलं बी सुटून पडलं तर कागदाची पुडी करून तिच्यात घाला आणि पुडी शीटच्या कोपऱ्याला चिकटवा. लेबलवर गाव, तारीख, विहिरीचा कट्टा, आणि 'तागाच्या सुट्या बियात आलं असावं' असं लिहा. पुढच्या मोसमात त्याच दुकानात बी घ्यायला जाल तेव्हा ते शीट बरोबर न्या आणि काउंटरवर ठेवा.

रानभटक्या

ताई, शीट झालं की त्याचा फोटो टाका. आणि काका, माझ्याकडं पन्हाळ्याच्या उतारावरचे मागच्या डिसेंबरचे फोटो आहेत, त्यात एकात चुकून पान उलटं आलंय. लव दिसतेय असं वाटतं. नवीन धागा काढतो.